कोपऱ्यातल्या मशीनवरचं पंपघर

सोमवार, ४ मार्च

काल दिवसभर वीज नव्हती. आज सकाळी ऑफिसातली कॉम्प्युटरची सगळी मशीनं एकदम चालू झाली आणि ती सांभाळणारी मी एकटी, म्हणून जो तो माझ्या नावाने हाका मारायला लागला. त्यात इथेच ड्रॉइंग काढणाऱ्या सासूबाईही. कोपऱ्यातल्या मशीनवरून — "अगं, माझं सगळं कुठे गेलं? पडदा कोरा दिसतोय." मी प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. म्हटलं, "आई, सर्व्हर हळू चाललाय. येईल सगळं. तोवर नवीन काम सुरू करा ना."

त्यांनी ऐकलं. एरवी त्या माझं कुठे ऐकतात!

गुरुवार, ७ मार्च

कोपऱ्यातल्या मशीनचं आज कळलं. नोकरीला लागल्या लागल्या मी सगळ्यांची होम फोल्डरं, म्हणजे ज्याच्या त्याच्या फाइलींचं घर, सर्व्हरवर नेली. कुठेही बसा, लॉगिन केलं की तुमचं घर सर्व्हरवरून तिथे हजर. केवढी मिरवले होते! सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "घर येतं म्हणजे? बसने येतं का?" तर हे आणून देण्याचं काम ऑटोमाउंट नावाच्या प्रोग्रामचं. सोमवारी नेटवर्क जागं व्हायच्या आत त्याने कोणाचं घर कुठे याची यादी मागितली, मिळाली नाही, आणि तो जो गप्प बसला तो आजपर्यंत. मी आपल्या जागेवरूनच तो पुन्हा चालू केला. सासूबाईंचं जुनं सगळं आलं.

त्या म्हणाल्या, "आणि माझं पंपघर?"

सोमवारपासून काढत होत्या ते पंपघराचं ड्रॉइंग. नाही. कुठेच नाही.

तोंडचं पाणी पळालं. महिनाअखेर त्या निवृत्त होतायत. साहेबांनी वर्षभराच्या मुदतवाढीचं कबूल केलंय, पण पंपघर पंधरा तारखेला गेलं तर. त्यांना ते वर्ष हवंय. "घरी बसले तर तुमच्या संसारात लुडबुड करीन, त्यापेक्षा ऑफिस बरं" असं हसत म्हणतात, पण जीव त्या कामात आहे. आणि मी इथे अजून कच्चीच, कायम करायचं की नाही तेही याच महिन्यात ठरणार. माझ्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला होता.

शुक्रवार, ८ मार्च

सर्व्हर पालथा घातला. बॅकअप उघडले. पंपघराचं नाव नाही. घरी अबोला. मीठ मागायचं तर तेही नवऱ्यामार्फत. हा म्हणाला, "मला टपालखात्यात घ्या दोघी."

शनिवार, ९ मार्च

त्या पुन्हा पहिल्यापासून काढायला बसल्यात. मान धरलीय. माझ्याकडून मलम लावून घेतलं नाही, ह्याच्याकडून घेतलं.

सोमवार, ११ मार्च

साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. धीर होत नाही. आणि आज सासूबाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या, दार लावून घेतलं. बाहेर आल्या त्या सरळ आपल्या जागेवर, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे नाव सांगितलं माझं. राग त्यांच्या नाकावर आहे हे माहीत होतं, पण घरातलं केबिनमध्ये नेतील असं वाटलं नव्हतं. फार लागलं. जेवले नाही.

बुधवार, १३ मार्च

सापडलं!

ऑटोमाउंट नेमका कुठे अडखळतो ते बघायचं म्हणून आज कोपऱ्यातल्या मशीनवरच जाऊन बसले. तो बंद केला, आता हाताने चालवून बघू म्हटलं. मधल्या वेळात, सर्व्हरवरची घरं जिथे येऊन बसतात त्या /home मध्ये सहज डोकावले. रिकामं असायला हवं. तर आत सासूबाईंच्या नावाचं फोल्डर! सोमवार ते गुरुवारचं सगळं काम.

सर्व्हरवरचं घर आलं नाही म्हणून मशीनने आपल्याच डिस्कवर त्यांना नवं, रिकामं घर बांधून दिलं होतं. त्या बिचाऱ्या त्यातच बसून काम करत होत्या. गुरुवारी मी मोठ्या ऐटीत ऑटोमाउंट चालू केला आणि सर्व्हरवरचं घर बरोब्बर त्याच्यावर येऊन बसलं. खालचं झाकलं गेलं, एवढंच. सर्व्हरवर मिळणार कसं, तिथे ते कधी गेलंच नव्हतं! मी मात्र तिथे शोधत होते.

सासूबाईंना बोलावलं. चष्मा लावून वाकून बघितलं त्यांनी. "हेच. झडपा इथे जास्त चांगल्या आल्यात." मग चष्मा काढत — "चहा घेतेस?"

घेतला. पण ती केबिन मनातून जात नाही.

शुक्रवार, १५ मार्च

पंपघर वेळेत गेलं. ऑटोमाउंट आता नेटवर्कसाठी थांबतो, आणि घर आलं नाही तर मशीन कोणाला आत घेत नाही. लोक ओरडतील. ओरडू देत.

साहेब जिन्यात भेटले. "पुसलेली फाइल परत आणलीस म्हणे. शाब्बास." पुसलेली? खुलासा करायला गेले असते तर माझंच प्रकरण उघडं पडलं असतं. हसून वर आले.

शुक्रवार, २९ मार्च

साहेबांनी बोलावलं. मी कायम झाले. उठता उठता आईंच्या मुदतवाढीचं विचारलं.

"ते नाही जमायचं. ड्रॉइंग सुरेख आहे, वाद नाही. पण त्या स्वतःच येऊन सांगून गेल्या ना त्या दिवशी — माझ्याच हातून पुसलं गेलं, पोरीकडे बोट दाखवू नका. आता या वयात असं व्हायला लागलं म्हटल्यावर..."

म्हटलं, "साहेब, ते पुसलं गेलंच नव्हतं," आणि पुन्हा खुर्चीत बसले.