रकाना सात: आगमनाचा दिनांक

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
देशी सेवक साहाय्य विभाग,
मुख्य कचेरी, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे.
(डावीकडे भांडार आहे. मागच्या खेपेचा अर्ज तिथे गेला आणि त्यात पुठ्ठे गुंडाळले गेले.)

विषय: अर्जदारास स्वदेशी परत पाठवू नये, कारण तो स्वदेशीच आहे, याबाबत.

संदर्भ: (१) आपले सन्मानपूर्वक निवृत्तीचे पत्र.
(२) आपल्याच विभागाचे हिरवे माहितीपत्रक, 'इथल्या माणसांसाठी इथलाच माणूस'.
(३) टेबल क्रमांक चारवरील बाईंचे तोंडी उत्तर.

महोदय,

अर्जदार खाली सही करणार आहे, म्हणजे तो हयात आहे, धडधाकट आहे आणि कामावर आहे, एवढे आधी नोंदवून घ्यावे. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल. सावकाश वाचण्यात आपल्या कचेरीचा हात कोणी धरू शकत नाही.

१. अर्जदार गोदीमागच्या गल्ल्यांमध्ये सुवार्तिकाचे, म्हणजे ख्रिस्ती प्रचारकाचे, काम करतो. त्याचा जन्म सुताराच्या कारखान्यासमोरच्या दोन खोल्यांत झाला, आणि आज तो रविवारची प्रार्थना जिथे चालवतो ती त्याच कारखान्याची मागची खोली आहे. म्हणजे एकेचाळीस वर्षांत अर्जदाराची मजल एक रस्ता ओलांडण्यापर्यंत गेली. खोलीत बाक नाहीत. लोक गुडघे टेकतात आणि गुडघ्यांना लाकडाचा भुसा घेऊन घरी जातात. त्यावरून गल्लीने अर्जदाराचे नाव 'भुसागुरुजी' ठेवले. हे नाव आपल्या नोंदवहीत नाही. तिथे जे आहे ते दोन जागी चुकलेले आहे, पण तो वेगळ्या अर्जाचा विषय.

२. आपला विभाग नऊ वर्षे अर्जदारास साहाय्य करत आहे: मागच्या खोलीचे भाडे, एक सायकल आणि महिन्याचा शिधा. याबद्दल अर्जदार मनापासून ऋणी आहे, आणि हे वाक्य उपरोधाने लिहिलेले नाही. यंदा मात्र आपण नवा नमुना पाठवलात. त्यात रकाना सात असा: 'कार्यक्षेत्रात आगमनाचा दिनांक.' अर्जदाराने तो रिकामा ठेवला. नमुना परत आला, शेरा: 'रकाना रिकामा ठेवू नये.' अर्जदाराने लिहिले, 'आलो नाही, इथलाच आहे.' नमुना परत आला, शेरा: 'फक्त अंक लिहावेत.' अर्जदार तीन दिवस तो कागद घेऊन बसला. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, आईच्या पोटातून आलात ना? मग तो दिवस लिहा आणि मोकळे व्हा." अर्जदाराने जन्मतारीख लिहिली. नमुना परत आला नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

३. नमुन्याऐवजी आले ते आपले पत्र. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. त्यात म्हटले होते की अर्जदाराने एकेचाळीस वर्षे अखंड सेवा केली असून नियमाप्रमाणे चाळीस वर्षांनंतर सेवकास विश्रांती देणे विभागास भाग आहे. आपल्या माणसांपासून इतकी वर्षे दूर राहिल्याबद्दल त्याचे कौतुक होते. येथील हवामान सोसल्याबद्दल वेगळे कौतुक होते. आणि येथील अवघड भाषा 'जवळपास स्थानिकांइतकी' आत्मसात केल्याबद्दल विशेष कौतुक होते. महोदय, 'जवळपास' हा शब्द अर्जदाराच्या आईने दोनदा वाचायला लावला. ती म्हणाली, "जवळपास म्हणजे? मी काय शिकवण्यात कमी पडले?"

पत्रासोबत परतीच्या प्रवासाचा आदेश जोडलेला होता. सेवा संपल्यावर सेवकाला त्याच्या मूळ गावी पोचवण्याची जबाबदारी विभागाची. मूळ गाव रकाना तीनमधून घेतलेले, निघण्याचे ठिकाण रकाना आठमधून. दोन्हीकडे एकच नाव. मध्ये 'अंतर' असा रकाना होता आणि कोणीतरी स्वच्छ अक्षरात शून्य काढले होते. ते शून्य काढताना त्या गृहस्थाचे पेन क्षणभरही थबकले नाही, याचे अर्जदाराला राहून राहून आश्चर्य वाटते.

४. अर्जदार स्वतः कचेरीत आला होता. टेबल चारवरच्या बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही निवृत्त आहात. निवृत्तांचं टेबल सहा." टेबल सहावर पाटी होती: 'फक्त स्वदेशी पोचलेल्यांसाठी.' अर्जदार पुन्हा चारवर आला. बाई म्हणाल्या, "तुम्ही पोचलात का?" अर्जदार म्हणाला, "मी निघालोच नाही." बाई म्हणाल्या, "मग आधी निघा. पोचल्याची नोंद झाली की या." अर्जदाराने विचारले, जो माणूस जिथे आहे तिथूनच निघून तिथेच पोचणार, त्याची नोंद कोण करतो? बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "हे बघा भाऊ, तुम्ही एकटे नाही आहात मला." बाईंवर राग नाही. त्यांच्यासमोर खरोखरच बावीस माणसे उभी होती.

५. (हा परिच्छेद अर्जदाराच्या पत्नीने वाचला आणि फाडला. "अधिकाऱ्याला असं लिहितात होय? आणि तेही प्रचारकाने?" त्यात आपल्याविषयी दोनच विशेषणे होती. क्रमांक राहू दिला आहे. रकाना रिकामा ठेवण्यास मनाई आहे, परिच्छेद रिकामा ठेवण्यास मनाई केल्याचे वाचनात नाही.)

६. येथे अर्जदार स्वतःची एक चूक कबूल करतो, कारण ती लपवून पुढचे लिहिणे बरोबर नाही. तीन वर्षांपूर्वी आपण 'कार्यरत अवस्थेतील छायाचित्र' मागवलेत. अर्जदाराने शर्ट-पँटमधला फोटो पाठवला. तो परत आला, शेरा: 'व्यक्ती स्थानिक वाटत नाही.' अर्जदार दाढी वाढवून पुन्हा उभा राहिला. शेरा: 'अद्याप वाटत नाही.' त्या दिवशी शेजारचा गवंडी भिंत उतरवत होता. उघडा, डोक्याला फडके, अंगभर चुना, डोळ्यांत धूळ गेल्यामुळे आभाळाकडे पाहणारा. अर्जदाराचे डोके फिरले होते. त्याने गवंड्याचा फोटो काढून पाठवला. आपण तो मंजूर केलात, एवढेच नाही, आपल्या वार्षिक कॅलेंडरवर मे महिन्यासाठी छापलात, खाली ओळ: 'आशेने वर पाहणारा आमचा सेवक.' गवंडी आयुष्यात एकदाही प्रार्थनेला आलेला नाही. आता रस्त्यात भेटला की म्हणतो, "काय गुरुजी, माझ्या जिवावर चाललंय ना तुमचं?" अर्जदार मान खाली घालून निघून जातो. लबाडी ती लबाडीच. तिची शिक्षा द्यावी. पण द्यायची तर त्या लबाडीची द्यावी, जन्माला आल्याची देऊ नये.

७. आपले हिरवे माहितीपत्रक अर्जदाराला पाठ आहे. बाहेरून सेवक पाठवायचा तर घर लागते, भाषा शिकवावी लागते, पोट बिघडते, घरची आठवण येते. त्यापेक्षा तिथल्याच माणसाच्या पाठीशी उभे राहावे, असे त्यात लिहिले आहे. सोळा आणे खरे आहे. फक्त ते लिहिणाऱ्याने इथला माणूस कधी पाहिला असेल असे वाटत नाही. इथला असणे ही नुसती सोय नसते. अर्जदार क्षमेवर बोलायला उभा राहतो तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या इस्त्रीवाल्या काकूंनी त्याला लहानपणी कैऱ्या चोरताना पकडून बदडलेले असते. चोरीवर बोलायला लागला की सुतार मागून खाकरतो, कारण त्याच्या खिळ्यांचा हिशेब अजून लागायचा आहे. पाहुण्या प्रचारकाला देवदूत होऊन राहता येते. इथल्याला ती मुभा नाही. त्याचे सगळे उणे गल्लीला ठाऊक असते, आणि तरीही ती रविवारी भुशात गुडघे टेकते. आपण ज्याला साहाय्य करता ते हे आहे. कळत नसेल तर करू नका, पण कळल्यासारखी कॅलेंडरे तरी छापू नका.

८. आता मुख्य गोष्ट. गोदीजवळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त क्रेनवाले राहतात. खरोखरचे निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलाने अर्जदाराच्या हातून बाप्तिस्मा घेतला. म्हाताऱ्याने त्याच संध्याकाळी मुलाची ट्रंक जिन्यावरून खाली सोडली. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला तो गेलाच. अर्जदाराने पहिली पाच वर्षे तिकडे फिरकण्याचे धाडस केले नाही. मग एका मंगळवारी गेला. म्हाताऱ्याने दार न उघडता विचारले, "घर फोडून झालं, आता काय दार फोडायला आलास?" पुढच्या मंगळवारी वरून बादलीभर पाणी आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी अर्जदार छत्री घेऊन गेला. दोन वर्षे दाराबाहेर काढली. तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्याचा रेडिओ बंद पडला, तेव्हा दार उघडले. तेव्हापासून अर्जदार दर मंगळवारी दहाला जातो, खाटेशेजारी पत्र्याच्या पेटीवर बसतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. देवाचा विषय काढायचा नाही, ही म्हाताऱ्याची अट. अर्जदाराने ती पाळली. आपल्या मासिक अहवालात त्या चाळीपुढे 'नवीन विश्वासी' या रकान्यात सहा वर्षे शून्य आहे, आणि 'सेवकाने तेथील वेळ अन्यत्र वळवावा' असा आपला शेरा चार वेळा आलेला आहे.

गेल्या मंगळवारी म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुझा देव तुझ्यापाशी ठेव. पोराला घेऊन ये."

अर्जदार तसाच सायकलवर बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. मुलगा म्हणाला, "येतो. पण तुम्ही असाल तरच. तुम्ही दिसला नाहीत तर मी जिन्यावरूनच मागे फिरेन." येत्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, असे ठरले.

९. याच येत्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, अर्जदाराने स्टेशनवर हातात फलक घेऊन आपल्या उत्तराधिकाऱ्याचे स्वागत करावे, मागच्या खोलीची किल्ली आणि सायकल त्यांच्या हवाली करावी आणि त्याच गाडीने स्वदेशी प्रस्थान ठेवावे, असा आपला आदेश आहे. चौकशी केली तेव्हा कळले की अर्जदार 'बाहेरून आलेला' म्हणून निवृत्त झाल्याने ती जागा बाहेरून येणाऱ्यानेच भरावी लागते. देशी सेवकांचा विभाग देशी सेवकाच्या जागी परदेशी सेवक पाठवत आहे, आणि कारण काय, तर देशी सेवक फार पूर्वी आला. उत्तराधिकाऱ्यांना भाषा येत नाही. ती त्यांना, गाडी सुटण्याआधी, अर्जदारानेच शिकवावी, 'जवळपास स्थानिकांइतकी'.

१०. तरी विनंती अशी. रकाना सातमधला दिनांक खोडावा आणि तिथे आडवी रेघ मारावी. निवृत्ती रद्द करावी. ते जमत नसेल, कारण रेघ हा अंक नाही, तर शिधा बंद करावा, सायकल न्यावी, मागच्या खोलीचे भाडे थांबवावे. सुताराला विचारले आहे. तो म्हणाला, "खोली रविवारी तशीही रिकामीच असते. आणि खिळ्यांचं म्हणाल तर ते मी केव्हाच सोडून दिलं." अर्जदार चालत जाईल. एकेचाळीस वर्षांचा माणूस म्हणजे काही अगदीच म्हातारा नव्हे, आपल्या पत्रात काहीही म्हटले असले तरी.

परंतु मंगळवारी दहा वाजता अर्जदार स्टेशनवर येणार नाही. ही विनंती नाही, माहिती आहे.

स्टेशनवर गवंडी जाईल. फलकाची गरज पडणार नाही. उत्तराधिकारी साहेब कॅलेंडर पाहूनच आले असतील, ते त्याला लांबून ओळखतील. वाटेत फुशारक्या मारायच्या नाहीत असे गवंड्याला बजावले आहे. तो म्हणाला, "मग बोलू काय? मी तर मे महिना." तो त्यांना थेट चाळीत, तिसऱ्या मजल्यावर घेऊन येईल. खोलीत खुर्ची एकच आहे, ती मुलासाठी. अर्जदार दाराशी उभा राहील. पत्र्याची पेटी उत्तराधिकाऱ्यांसाठी मोकळी ठेवली आहे. त्यांना भाषा येत नाही, ही त्या तासापुरती त्यांची फार मोठी पात्रता आहे. त्यांनी बसावे आणि काही बोलू नये. बाप मुलाला काय म्हणतो, मुलगा काय म्हणतो, की दोघेही नुसतेच रडतात, ते पाहावे. मग खुशाल त्यांचा रकाना सात भरावा. पण आगमन त्या पेटीवरून उठल्या वेळेपासून धरावे, गाडीतून उतरल्या वेळेपासून नाही.

आपला, अजून इथेच असलेला,

(सही)
भुसागुरुजी

स्थळ: रकाना तीन आणि रकाना आठ, दोन्हीप्रमाणे.
दिनांक: मंगळवारच्या आधीचा शुक्रवार. (अंकांची अर्जदाराने धास्ती घेतली आहे.)

सोबत:
१. सोनेरी रेघेचे पत्र, मूळ प्रत. 'जवळपास' या शब्दाखाली आईने नखाने ओढलेली खूण आहे, ती कृपया पुसू नये.
२. कॅलेंडरचे मे महिन्याचे पान. गवंड्याने त्यावर सही केली आहे. अर्जदाराने मागितली नव्हती.
३. चाळीचा पत्ता व जिन्याचा नकाशा.
४. परतीच्या प्रवासाचा आदेश, न वापरलेला. अंतर शून्य असल्याने तो कोणालाही, कुठूनही चालेल. आपण स्वतः एकदा वापरून पाहावा.