तळवा टेकव

४ जून

पत्रामागून पत्र टाकतेय, उत्तर दर वेळी सुनेच्या अक्षरात. रंधा मारून तुझे हात झिजले की काय? आधी हे विचारते, मग आशीर्वाद.

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद. भिंगरीला डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, कळलं. रोज मालिश आईबापानेच करायची असं उपचार केंद्रातल्या बाईंनी शिकवलं, तेही कळलं. बापाने वर्कशॉपात लपून बसायचं, हे कोणी शिकवलं? चार वर्षांची पोर आहे, वाघ नाही. फुलाला लावतोस तसा हलका हात लाव. तुम्हा भावंडांना मी तसंच चोळलं.

माझे गुडघे दुखतात, तोंड ठीक आहे.

तुझी आई

१२ जून

ती. आईंना शि. सा. न.

पुन्हा माझंच अक्षर, रागावू नका. तुमचं पत्र वाचून हे लवकर घरी आले. आपले खरखरीत तळवे टोचतील म्हणून नुसत्या बोटांच्या टोकांनी तेल लावलं, तुम्ही सांगितलं तसं हलकं. भिंगरी किंचाळून पलंगाखाली शिरली. तेव्हापासून हे म्हणतात, "तिला मी नकोच आहे."

बाई म्हणतात, तसा स्पर्श तिला मुंग्या चालल्यासारखा वाटतो. पूर्ण तळवा टेकवून सावकाश दाबायचं. ह्यांचा धीर होत नाही. तुमचंच ऐकतील.

तुमची सून

१९ जून

सौ. सूनबाईस आशीर्वाद. माझं ते फूल घाल चुलीत, बाईंचंच धर. पुढचं त्याला वाचून दाखव.

अरे सुतारा, फळी गुळगुळीत झाली का, हे बघायला तिला गुदगुल्या करतोस का? सबंध तळवा फिरवतोस ना? तसाच पोरीच्या पायावर टेकव. आणि रडका चेहरा बाहेर ठेवून ये.

आई

२७ जून

ती. आईंना शि. सा. न.

आज माझंच अक्षर, कारण ह्यांचा हात रिकामा नाही. तळवा टेकवला, तेव्हा भिंगरी थबकली. घाबरून ह्यांनीच हात उचलला. तिने तो ओढून पुन्हा पायावर ठेवला. अजून सोडलेला नाही. हे हलायला तयार नाहीत, ह्यांनी गॅसवर ठेवलेली भाजी मलाच उतरवावी लागली.

तुमची सून

४ जुलै

सगळ्यांस आशीर्वाद. हात अडकला असेल तर या खेपेला माफ.

पुढचं उत्तर भिंगरीने द्यायचं. तेल लावून झालं की कागदावर तिचा पाय उमटवा. पाय बापाने धरायचा. सुनेने पेनाला हात लावायचा नाही.