गोलापाशी अडलेलं गणित

११ नोव्हेंबर
शहरभर धूर. घसा बसलेला. एम.एस्सी.च्या वर्गात सोपं उदाहरण म्हणून पूर्ण गोल अवकाश घेतलं आणि फळ्यापुढे हातच थांबला. माझ्या पीएच.डी.च्या सरांच्या नि माझ्या छापून आलेल्या पेपरातलं मुख्य प्रमेय गोलाला लागूच पडत नाही. मुलांना म्हटलं, "बाकी कल देखेंगे."

१२ नोव्हें.
पुन्हा केलं. तेच. अवकाशाचे जेवढे आकार शक्य, त्या सगळ्यांचं मिळून एक मोठं अवकाश. आकार तोच, नुसती बिंदूंची नावं बदलली, तर दोन नाही, एकच धरायचा. आमचं क्वांटम गुरुत्वाकर्षणाचं सगळं गणित ह्यावर उभं. ते मोठं अवकाश सगळीकडे गुळगुळीत आहे असं धरून चाललो. नाहीये. आकार गोलासारखा फार सुबक असला की तिथे कोपरा पडतो.
सर अवकाश म्हणून फळ्यावर कायम बटाटा काढायचे. मीही पंधरा वर्षं बटाटेच काढले. वेड्यावाकड्या बटाट्यावर काही अडतच नाही. हसावं की रडावं.

१४ नोव्हें.
अभयला सांगितलं. "यार, जगात सहा माणसं वाचणार ते. समिती फक्त पेपरचं नाव बघेल." नवऱ्याचं बरोबर असेलही. २१ला माझ्या मुदतवाढीची समिती. दाखवायला हा एकच पेपर. नाही म्हणाले तर नोकरी संपली.

१५ नोव्हें.
सरांना पुण्याला फोन. निवृत्त झाल्यापासून तिथेच. "बरोबर आहे गं तुझं. पण समिती होऊ दे, मग संपादकांना कळवू." हे सर बोलले! एक चिन्ह चुकलं तर अख्खं पान फाडायला लावणारे.

१८
कोपरे वगळून काही उरतं का बघतेय. उरलं तरी इतकं थोडं, की... जाऊ दे. थकले.

२१ नोव्हें.
झाली. "आपका मेन रिझल्ट?" विचारलं आणि खरं तेच बाहेर पडलं. सिद्धतेत गॅप आहे, भरेल की नाही ठाऊक नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, ये आज ही बताना था?" मेट्रोत रडले. धाडस वगैरे काही नाही, लपवायचा कंटाळा आला होता.

२२ नोव्हें.
सरांचा फोन. सगळं ऐकून म्हणाले, "माझ्यावर ढकलायचंस ना. माझं आता काय जाणार होतं?"
फार राग आला. म्हटलं, गणित मी केलं होतं, तुम्ही नुसतं तपासलंत.
"तपासलं नाही गं. तू केलंयस म्हणून तपासलंच नाही."
समितीचा निकाल कधी, कुणी सांगत नाही. संपादकांना पत्र लिहिलंय. खाली दोघांची नावं. अजून पाठवलेलं नाही.