जांभळ्या मिठाची बाटली

सर, तुम्ही जाऊन इतके वर्ष झाले, पण माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्याले पोरांसमोर कोणी अडाणी म्हटलं नसन.

लोखंडाचं ते जांभळं मीठ तुम्ही कॉस्टिक न् ब्लिचिंग घेऊन आठ दिवस खपून बनवलं. निघालं चमचाभर, पण रंग पिकल्या जांभळाचा. पोरांले सांगितलं असन का हे लय तापट आहे, कागद-कापड जाळू शकते, पाणी लागलं का फसफसून हवा सोडते न् मांगं नुसता गंज उरते. लॅबमधल्या बाटल्या रोज कोण पुसत होतं? मी. मले काहून नाही सांगितलं?

त्या वर्षी खंडेनवमीले तुम्हीच म्हणता, "बाई, सगळ्या बाटल्यांची पूजा कर, एकही सोडू नको." मी घाटंजीच्या बाजारातून झेंडू आणते, हळदीकुंकू लावते, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडते. दसरा झाल्यावर कॉलेज उघडलं तं बाटलीत तपकिरी चिखल.

"पाणी टाकलं का तू?"

"झाकणावर शिंपडलं, सर. पूजा तुम्हीच सांगतली."

"अडाणी बाईच्या हाती दिलं का असंच होते!"

पोरं हसले. दुसऱ्याच दिवशी मले लॅबमधून काढून संडासाच्या कामावर टाकलं. रिटायर होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाह्यलं नाही. मी मात्र लॅबच्या खिडकीतून बाटल्यांवरची धूळ पाहून राह्यली होती. माझ्यासारखं कोणीच पुसलं नाही, सांगून ठेवते.

आता पोरगी पुसदले केमिस्ट्री शिकून राह्यली. तिनं सारं समजावलं. म्हणे, "आई, ते मीठ हवेतल्या ओलीनंही खराब होते. सरांनी बाटली नीट बंद करून कोरड्यात ठेवाची होती. तुह्यी काय चूक?" मी भाकऱ्या थापत राह्यली.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? पिठाच्या डब्याखाली ठेवते. पण एक लिहून टाकते. झाकणावर शिंपडलं तं पूजा बाटलीची होईन, आतल्या मिठाची कशी होईन, असं मले वाटलं होतं. म्हणून झाकण मीच काढलं न् पान आत झटकलं. फसफस फेस आला. मी हात जोडले, सर. मले वाटलं, देव पावला.