मागची शिडी

३ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी ठीक असाल असं धरून लिहायला बसलेय. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करणार नाही हे मला माहीत आहे, तरी विचारलं म्हणून सांग. आम्ही बरे आहोत. छकुली दुसरीत गेली. दात पडल्यापासून फोटोत तोंड मिटून उभी राहते आणि एकदम पोक्त दिसते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. तुझं काम निघालंय. आम्ही बोट घेतोय. हसून झालं की पुढे वाच. गावाबाहेरच्या तळ्यावर ह्यांच्या ऑफिसातल्या दोघांच्या बोटी आहेत, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ते खूळ आहे. छोटी, इंजिनवाली, चार माणसं बसतील अशी. तू आयुष्यभर लाँची दुरुस्त करतोयस, म्हणून तुला विचारते.

गेले तीन रविवार आम्ही शोरूममध्ये काढले. कंपन्यांची नावं लांबलचक, म्हणून आम्ही मायलेकींनी आमचीच ठेवली: बाणवाली, डबा आणि हंसवाली. माझी सवय तुला माहीत आहे. बॅगांच्या कारखान्यात दिवसभर बिजागऱ्या उघडमीट करून बघणारी बाई बोटीसमोर तरी गप्प कशी बसेल? सेल्समन वेगाबद्दल बोलत होता आणि मी सीटखाली डोकं घालून बसले होते.

बाणवाली ह्यांना आवडली. फायबरची, चकचकीत, वेगवान. पण सीटखालच्या कोपऱ्यांत केसासारख्या बारीक चिरा होत्या, आणि कठड्याचे स्क्रू नुसते फायबरमध्ये पिळलेले. आतून पट्टी नाही. मी कठडा हलवला तर हलला. अशी मूठ असलेली बॅग मी पुढे जाऊ देत नाही. डबा अॅल्युमिनियमचा. दगडावर आपटला तरी पोचा येईल, फुटणार नाही, असं म्हणतात. पण तो रिव्हेटांनी जोडलेला आहे आणि रिव्हेटांचं आणि माझं जुनं वाकडं आहे. सैल व्हायची सुरुवात तिथूनच होते.

हंसवाली मला पटली. कुठेही ठोकलं तरी आवाज एकसारखा भरीव येतो. तळाखाली फोम भरलेला आहे, त्यामुळे पाण्याने भरली तरी बुडत नाही म्हणे. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी असते, तो पडला की इंजिन बंद. आणि मागे एक घडीची शिडी आहे, ती पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उघडता येते. छकुलीला मी शोरूमच्या फरशीवर बसवलं आणि ओढायला सांगितलं. तिला जमलं. तिने परत परत ओढली, सेल्समन कंटाळला.

आता प्रश्न. तो फोम पुढे पाणी शोषतो का? शिडीची शेवटची पायरी पाण्याखाली किती असावी? लाइफ जॅकेट घातलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाला अशा शिडीने एकट्याला वर येता येतं का? लहान मुलाला? आणि वारा असेल तर इंजिन बंद असलेली बोट माणसापासून किती लवकर लांब जाते?

प्रश्न जरा जास्तच झाले. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. फोन नको. आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, ह्यांना सगळ्यांच्या बोलण्यात भाग घ्यायला आवडतं.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी


१९ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत मशीनमागे उभी राहून वाचलं. वहिनीने खाली स्वतःच्या अक्षरात 'गुडघ्याचं नाव काढू नकोस' असं लिहिलंय, त्यावर किती दिवसांनी मनापासून हसले.

तू हंसवालीच घ्यायला सांगितलंस आणि शिडी हाताने ओढून बघायला सांगितलंस. मी ह्यांना तुझं नाव न घेता तेच सांगितलं. वाद होईल म्हणून तयारीत होते. त्यांनी लगेच मान्य केलं. म्हणाले, "तू एवढा अभ्यास केलायस, तर तुझीच घेऊ." आणि माझ्या पाठीवर थोपटलं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडला नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, बोट कशी आहे ते कळलं, पण तुला भीती नक्की कशाची वाटते? हा प्रश्न मला तू सोडून कोणीच विचारला नसता. उत्तर लिहायचं म्हणून दोन दिवस पेन घेऊन बसतेय आणि पुन्हा फोमबद्दल लिहावंसं वाटतं.

ह्यांचं एक तत्त्व आहे. भीती ही अंगातून काढायची गोष्ट आहे, काट्यासारखी. लग्नानंतर मला गच्चीच्या कडेला उभं राहता येत नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी मला वर नेलं आणि दार बाहेरून लावून घेतलं. संध्याकाळी उघडलं. सगळ्यांना हसत हसत सांगतात ते, आणि मीही हसते. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी नदीत ढकललं होतं आणि त्यामुळे ते पट्टीचे पोहणारे झाले, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. पाण्यात पडल्यावर त्या मुलाला काय वाटलं, ते मात्र त्या गोष्टीत कधीच येत नाही.

मागच्या सुट्टीत आम्ही एका हॉटेलात राहिलो होतो. तिथे तलाव होता, पोहायचा. छकुली पायरीवर बसून पाय हलवत होती. ह्यांनी तिला उचललं, मध्ये नेलं, आणि डोक्यावर हात ठेवून खाली दाबलं. वर काढलं. "बघ, काही झालं का?" पुन्हा दाबलं. मी कपड्यांसकट आत उतरले, छातीपर्यंत पाणी आलं आणि पाय पुढे पडेना. मी ओरडत होते. खुर्च्यांवरचे लोक हसत होते, कारण हेही हसत होते. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ लागला.

दादा, ती रडली नाही. मला तेच सहन होत नाही. वर आली आणि बापाकडे नुसती बघत राहिली. तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेऊ देत नाही. केस मी ओल्या फडक्याने पुसते. ह्यांच्या मते मी मध्ये आले म्हणून औषध अर्धवट राहिलं. "तळ्याच्या मध्यावर पाय टेकत नाहीत आणि आईही नसते," असं ते परवा भाजी चिरता चिरता म्हणाले. अगदी सहज, मीठ कमी आहे म्हणावं तसं.

बोट त्यासाठी आहे.

ते वाईट नाहीत, हे वाक्य मी वर दोनदा लिहून खोडलंय. तिला ताप आला की तेच उशाशी बसतात. तिच्या वेणीला रबर लावायला शिकले. त्यांना खरंच वाटतं की ते तिचं भलं करतायत, आणि म्हणूनच मला त्यांना अडवता येत नाही. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, हसणाऱ्याशी काय करू?

म्हणून मी बोट तपासते. त्यांना अडवता येत नसेल तर निदान न बुडणारी बोट, घट्ट बसणारं जॅकेट आणि तिच्या हाताला पोचणारी शिडी एवढं तरी माझ्या हातात आहे. जॅकेट आणलं. तिला घालून खांद्यांना धरून उचललं, सरकत नाही. डिलिव्हरी पुढच्या शनिवारी आहे.

तू रागावून इकडे फोन करू नकोस.

तुझी,
धाकटी


२७ एप्रिल

दादा,

ख्यालीखुशाली विचारत नाही, क्षमा कर. बसस्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. छकुली शेजारी बसून बिस्किटं खातेय. तिला सांगितलंय की मामाकडे जातोय.

काल बोट आली. ट्रेलरवर, दारासमोर. शेजारीपाजारी बघायला जमले. मी नेहमीसारखी एका टोकाकडून सुरुवात केली. तळ ठोकला, आवाज भरीव. कठड्याच्या आत हात घातला, पट्टी होती. बुडाची बुचं घट्ट. मनगटाची दोरी जागेवर. एक दोष सापडला नाही आणि मला खरंच बरं वाटायला लागलं होतं. मग मी मागे गेले.

शिडी नव्हती. तिच्या जागी पांढरी बुचं मारून भोकं बंद केली होती. इतकी सफाईने की माहीत नसणाऱ्याला कळणारही नाही.

मला वाटलं, दुकानाची चूक. मी फोन करायला निघाले तर हे म्हणाले, "मीच काढायला सांगितली. शिडी दिसली की माणूस शिडीकडे बघत राहतं. हातपाय मारत नाही."

छकुली माझ्या मागे उभी होती. तिने शोरूममध्ये ती शिडी इतक्या वेळा ओढली होती की तिची जागा तिला पाठ होती. ती म्हणाली, "मग वर कसं यायचं?"

"पोहत," हे म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रेमाने, दादा. आणि त्या हाताखाली तिने श्वास घेऊन गाल फुगवले आणि डोळे मिटले. तिथे, रस्त्यावर, कोरड्या जमिनीवर. शेजारीण म्हणाली, किती गोड करते.



मी इतके दिवस बोटी तपासत होते. कोपरे, स्क्रू, रिव्हेट, फोम. तीन कंपन्यांच्या बारीकसारीक खोड्या काढल्या आणि त्यातली सगळ्यात चांगली निवडली. ती खरोखर चांगली आहे, तिच्यात खोट नाही. बोट चालवणाऱ्याला मात्र मी तपासलंच नाही, कारण तिथे हात लावायला मी घाबरत होते. मी निवडलेली बोट त्यांनी इतक्या सहज का मान्य केली, ते मला त्या पांढऱ्या बुचांकडे बघताना कळलं.

आज दुपारी बापलेकींनी तळ्यावर जायचं ठरलं होतं. मला घरी थांबायचं होतं. सकाळी हे बोट पाण्यात सोडायला मित्रांबरोबर गेले. ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाला आणि मी कपाटावरून बॅग काढली. आमच्याच कारखान्यातली आहे, मीच पास केलेली. फोन घरी ठेवलाय, स्वयंपाकघरात, चार्जिंगला. तो कुठे आहे ते ह्यांना त्यांच्या फोनवर दिसतं.

मांडीवर कागद धरून लिहितेय, अक्षर लागत नसेल तर वहिनीला वाचायला दे. प्रत्येक पांढरी गाडी आली की मी छकुलीला आडोशाला घेते. मला फार भीती वाटतेय. त्यांना कळेल तेव्हा ते ओरडणार नाहीत. हसतील, आणि न्यायला येतील, आणि सगळ्यांसमोर मला विचारतील, कशाला एवढी घाबरलीस? आणि माझ्याकडे दाखवायला काय आहे? बंद केलेली भोकं.

हे पत्र आमच्यानंतर पोचेल, हे मला कळतं. तरी पेटीत टाकणार आहे. वाटेत कुठेतरी माझा धीर सुटेल आणि मी परतीची बस पकडेन, याची मला ह्यांची वाटते तेवढीच भीती वाटते. पत्र हातात पडेल तेव्हा आम्ही तुझ्या घरात असलो तर ते फाडून टाक. नसलो तर, दादा, फोन करू नकोस, पत्र लिहू नकोस. लगेच निघ. आणि घराकडे नाही, सरळ तळ्याकडे ये.

बस लागली. छकुली विचारतेय, मामाकडे नळाखाली आंघोळ करावी लागते का? मी सांगितलं, तिथे कोणी काही करायला लावत नाही. मला खोटं पाडू नकोस.

वाट बघ.

तुझ्या दोघी,
भित्र्या