दयाळू म्हणजे काय

भरे, बुधवार, १२ नोव्हेंबर १९५८

काल देवळात पोथी सांगताना मी देवाला दयाळू म्हणालो आणि मागून कोंडाबाई उठून उभी राहिली. मेंढरं राखणारी बाई. तिची पोरगी श्रावणात तापानं गेली.

"गुरुजी, दयाळू म्हंजी आपन म्हंतो तसंच का?"

मी घाईनं म्हणालो, "त्याची दया आपल्यासारखी नसते."

"मंग तिला दया कशापाय म्हंता? दुसरा शबुद काडा." एवढं बोलून ती निघून गेली.

दुसरा शब्द! आज शाळेत दिवसभर तेच डोक्यात. कृपा, माया, करुणा... सगळे माणसांचेच. देवासाठी वेगळे आणायचे कुठून? आणि अर्थच काढून घेतला तर उरतो नुसता आवाज. काल मी तेच केलं. का? तिला उत्तर देता येईना म्हणून.

संध्याकाळी तिच्या झोपडीकडे गेलो. म्हणालो, "कोंडाबाई, दुसरा शब्द सापडला नाही."

ती कोकराला दूध पाजत होती. वर न बघता म्हणाली, "नगाच हुडकू. मी रोज त्योच शबुद धरून देवासंगं भांडती. तुमी त्यो बदलला तर भांडू कशावर?"

घरी येऊन ही वही उघडली.

आता ठरलं. उद्या देवळात सांगणार, दया म्हणजे दयाच, आपण म्हणतो तीच. आणि ती कोंडाबाईच्या पोरीपर्यंत का पोचली नाही, हे मला माहीत नाही, असंही सगळ्यांसमोर सांगणार. देऊळ पाटलांचं, त्यांना हे रुचणार नाही. न रुचो.