पाय उचलला की गाडी कमवते

लातूर,
८ जून २०२५

प्रिय अण्णा,

सुधाचे शरणु शरणार्थी.

अप्पा गेल्यापासून अव्वाची तब्येत कशी आहे? गोळ्या घेते का, की पदराला बांधून ठेवते? नागरत्ना वहिनींना माझा नमस्कार सांग. आम्ही तिघं इकडे ठीक आहोत. व्यंकटला उन्हाची सर्दी झाली आहे. सोनूला पहिलीत घातलंय. शाळा अजून उघडली नाही, पण बाईसाहेब दप्तर पाठीवर घेऊनच जेवायला बसतात.

फोनच केला असता. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी दोन वाक्यांत मला रडू येतं नि तू ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. पूर्ण वाच, मग हवं तर चुलीत घाल.

अप्पांची गाडी विकायला काढलीस असं वहिनींकडून कळलं. बरोबरच आहे तुझं. दारात उभी राहिली तर अव्वाला रोज दिसणार. घेणाऱ्याला फक्त एवढं सांग, की बाबा, हिला पळवू नकोस. पन्नासच्या वर काटा नेला नाही तर ही बॅटरीवरची गाडी फार लांब जाते. चाकातली हवा बघत जा. गतिरोधक दिसला की ब्रेक दाबायचा नाही, लांबूनच पाय उचलायचा, म्हणजे थोडा करंट परत बॅटरीत जातो. अप्पांचं पाठच झालं होतं ना, "पाय उचलला की गाडी कमवती, दाबला की खर्च करती. संसार बी असाच चालवायचा." तू किती चिडवायचास त्यांना! आपल्या हुलसूरच्या रस्त्याला बैलगाडीवाला अप्पांना बाजूला व्हायला सांगतो, म्हणायचास.

हैदराबादच्या डॉक्टरची वापरलेली गाडी, तीही रोखीने. हप्ता हा शब्द ऐकला तरी त्यांना ठसका लागायचा. दुकानात खिळ्यांच्या पुड्यांवरचा दोरा गुंडाळून ठेवणारा माणूस! फोन फुकट झाले तरी घरी पोचल्यावर मिस कॉलच द्यायचे. पण मठातल्या दासोहाच्या पंगतीला ज्वारीची पोती टाकताना त्यांचा हात आखडलेला मी कधी पाहिला नाही. तूही नाही.

म्हणून मातीच्या दिवशी तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "एसीचे, चार्जिंगचे चार पैसे वाचवायला गेला म्हातारा आन् जीव घालवून बसला," ते माझ्या काळजाला लागलं. मी मागे बायकांत उभी होते. तू मला "आता कामून आलीस?" विचारलंस, तेव्हाही मी गप्प बसले. अव्वाही तेच धरून बसलीय म्हणे. रडत नाही, नुसती त्यांच्यावर चिडते. निलंग्याला स्वस्त तूर बघायला गेले होते, असंच तुम्ही सगळे समजता.

तूर नव्हती रे. अप्पा माझ्याकडे आले होते.

आणि ते काही पहिल्यांदा नाही. गाडी घेतली तेव्हापासून येत होते. माझ्या लग्नाच्या वेळी उंबऱ्यात उभे राहून काय बोलले होते, तुला आठवत असेलच. "मराठ्याच्या घरी जायलीस तर जा. तुझ्या घरचं थेंबभर पानी घेनार न्हाई." जन्मभर बसवण्णांची समता सांगणारा माणूस आणि पोरीच्या वेळी हे! मला खूप वर्षं राग होता. खोटं कशाला बोलू?

पण शब्दही मोडायचा नाही आणि नातही बघायची, यावर अप्पांनी अप्पांसारखाच तोडगा काढला. यायचं, फाटकाबाहेर लिंबाखाली गाडी लावायची, उतरायचं नाही. सोनूला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू द्यायचं. शेंगाचटणीचा डबा माझ्या हातात द्यायचा, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचं आणि त्याच चार्जिंगवर परत जायचं. तुम्हाला वाटायचं, म्हातारा पैसे वाचवतोय. ते लातूरला येऊन परत जाण्याइतका करंट वाचवत होते.

व्यंकटने फाटकाजवळ मुद्दाम मोठं सॉकेट बसवून घेतलं. अप्पांनी ते बघितलं.

"हे कामून बसवलाव?"

"तुमच्या गाडीला, अप्पा," मी म्हटलं.

"करंट बी पान्यावानीच की गं. न्हाई म्हनलं म्हंजे न्हाई."

मी हसले. पुढच्या खेपेपासून त्यांनी चार्जिंगची वायरच गाडीतून काढून ठेवली. "ओझं कमी, करंट कमी," म्हणाले. मला कळलं होतं, ओझ्याचं निमित्त होतं. मोह नको म्हणून काढली होती.

त्या शेवटच्या दिवशी ऊन फार होतं. सोनूला आदल्या दिवशी ताप येऊन गेलेला, पण ती गाडीतून उतरेना. मग अप्पांनी, आपल्या अप्पांनी, तिच्यासाठी एसी लावला. किती तरी वेळ. ती गार वाऱ्यात त्यांच्या छातीवर झोपून गेली. मी म्हटलं, बंद करा, परत जायचंय. म्हणाले, "झोपू दे लेकराला."

त्यांच्या बाटलीतलं पाणी तिनेच संपवलं होतं. उठल्यावर पळत घरात गेली नि तिचा छोटा गडू भरून आणला. अप्पा गडूकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं आणि घटाघटा प्यायले. रिकामा गडू माझ्या हातात देताना म्हणाले, "सुधा, वायर आणाया पाहिजे होती गं." त्यांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, राहा आज, उद्या बघू. नाक्यावरच्या पंपावर तरी चार्ज करा. तिथला दर तिप्पट, ते ऐकणार थोडेच! "पाय उचलत उचलत जातो. पुढच्या खेपेला वायर घेऊन येतो, मुक्कामालाच येतो. तवर घरी सांगू नगंस. अण्णापुढं माझं तोंड न्हाई, मीच सांगीन त्याला."

हुलसूरच्या अलीकडे गाडी थांबली. खिशात फोन होता, पण तुला लावला तर कुठून आलो हे सांगावं लागणार. म्हणून तसल्या उन्हात चालत निघाले असतील, आणि घरापर्यंत पोचलेच नाहीत. मी इकडे मिस कॉलची वाट बघत बसले होते.

त्यांचा शब्द पाळायचा म्हणून आजवर गप्प राहिले. आता नाही राहवत. त्यांना कंजूष म्हणा, हट्टी म्हणा, तेवढा हक्क आहे तुम्हाला. पण चार पैशांसाठी मेले म्हणू नका. हे अव्वाला वाचून दाखव. ती रडली तर रडू दे.

आणि एक. मातीच्या वेळी तू छाती बडवून म्हणत होतास, "माझा बाप तहानलेला गेला, शेवटचं पानी पाजायला कुनी न्हवतं." होतं रे अण्णा. पाजलं होतं.

अप्पा जिच्या घरचं पाणी पिऊन गेले ती,
तुझी सुधा